पहिल्या ओळीतली आई

मार्चातच बेचाळीस. गोळीबार चौकात
कुणाच्या तरी तिसऱ्या माळ्याच्या गच्चीवर
मी कूलरच्या ताट्या बदलतोय, भुसा नाकात, भुसा कॉलरमध्ये,
आणि कुंजू टाकीच्या सावलीत फतकल मारून
गोष्ट मागते.

मला येतात त्या चारच.
राजा, त्याला तीन मुलं.
राक्षस, त्याचा जीव पोपटात.
एक विहीर, जिच्यात वाकून बघायचं नसतं.
एक सावत्र आई.
राजाचा मी ठेकेदार करतो, राजवाडा रामदासपेठेत नेतो,
सात समुद्रांचे सात टोलनाके.
तिला चालतं सगळं,
शेवट तेवढा तोच लागतो.

"बाबा, गोष्टीतली आई
पहिल्याच ओळीत काहून मरते?"

पाना हातातून सुटला.
खालच्या पत्र्यावर पडला दणकन, कोणीतरी शिवी हासडली,
बरं झालं, तेवढा वेळ मिळाला.
"पोरगी एकटी पडल्याशिवाय जंगलात जात नाही ना बेटा,
अन् जंगलात गेल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही."
खरं होतं ते.
खरं होतं म्हणूनच सांगायला नको होतं.
हेमलता मेडिकलला. सतरावा दिवस.

संध्याकाळी कॉटन मार्केटच्या गर्दीतून जाताना
कुंजू मागे बसून माझ्या पाठीवर बोटानं काहीतरी लिहीत होती.
काय ते मी विचारलं नाही.

गेटवर एक आलुबोंडा घेतला, पेपरात, मिरचीसकट.
वॉर्डाबाहेर बाकड्याला टेकून एक म्हातारी बसलेली,
बालाघाटकडची असावी, सतरंजी, रिकामा डबा,
आत कोणीतरी तिचंही.
कुंजूनं बोंडा मोडला.
मी बघितलं, मोठा तुकडा तिकडे गेला.

गोष्टीत असंच असतं.
धाकटा आपली अर्धी भाकर देतो,
म्हातारी उठून उभी राहते
आणि मग ती म्हातारी नसतेच.

कुंजू थांबली. खोटं कशाला बोलू,
मीही थांबलो.
एक्केचाळीस वर्षांचा माणूस, कूलरवाला,
हप्ते भरणारा, उधारी वसूल करणारा,
एका म्हातारीच्या तोंडाकडे
टक लावून.

तिनं खाल्लं. बोटं चाटली.
मिरचीचं देठ पेपरात नीट गुंडाळून ठेवलं.
"पानी है क्या, बेटी?"

एवढंच.
अंगठी नाही, जाळायला सोन्याचा केस नाही,
कुठलीच जडीबुटी नाही.
कुंजूचा चेहरा उतरला, क्षणभर.
मग तिनं दप्तरातली बाटली काढली,
म्हातारीची बोटं वळत नव्हती म्हणून
झाकणही तिनंच फिरवून दिलं.
हे झाकण फिरवणं
माझ्या चारही गोष्टींत कुठे नव्हतं.

आत, खाटेच्या कडेवर बसून तिनं सुरुवात केली,
"एक होती आई."
माझा श्वास अडकला.
"सकाळी उठून तिनं पोहे केले, वरून तर्री.
मग राजाले म्हणे, कांदा चिरून दे.
मग राक्षस आला. त्याले म्हणे, चप्पल बाहेर काढ."
हेमलता हसली. सलाइनची नळी हलली,
सिस्टरनं मान वर केली.
"मग?"
"मग दुसरी ओळ आली. तरी आई होतीच.
मग तिसरी."
"मग?"
"थांब ना, अजून पोहे संपले नाहीत."

सातला बाहेर काढलं आम्हाला.
म्हातारी बाकड्याखाली सरकून झोपली होती,
बाटली उशाशी, झाकण तिरपं.
त्यावर कुंजूच्याच अक्षरात: कुंजल निखारे, चौथी ब.
मी उचलायला वाकलो.
"राहू द्या. रात्री लागते तहान."

स्टँडवर गाडी काढताना मी म्हटलं,
"अन् उद्या शाळेत पाणी कायच्यात नेशीन?"

"गोष्टीत कोणी असं विचारते का, बाबा,"
म्हणाली, आणि मागे बसून
पुन्हा माझ्या पाठीवर लिहायला लागली.